दूरदर्शनचा डोळा

बालपणीच्या भीतीला तर्क नसतो, असे मोठी माणसे म्हणतात. आम्हीही पुष्कळ वर्षे तसेच म्हणत आलो. परंतु जालन्यातील आमच्या पत्र्याच्या घरातला एक प्रसंग आठवला की वाटते, तर्क होता. तो आम्हांला दिसला नव्हता, इतकेच.

१९८४ साली देशभर दूरदर्शनच्या लघुशक्ती प्रक्षेपण केंद्रांची संख्या झपाट्याने वाढली आणि लवकरच आमच्या आळीतही छपराछपरांवर अँटेना दिसू लागल्या. आमच्या घरी आलेला संच कृष्णधवल होता. लाकडी पेटी, तिला सरकती शटरे आणि वर आईने विणलेला क्रोशाचा रुमाल. रविवारी मिस्साहून परतलो की आम्ही भावंडे त्याच्यासमोर बैठक मारीत असू.

धाकटा भाऊ तेव्हा सहा वर्षांचा होता. ‘विक्रम और बेताल’मधील पांढऱ्या केसांच्या वेताळाला तो मुळीच भ्याला नव्हता, उलट आमच्या पाठीवर बसून त्याची नक्कल करी. विजया मुळे यांचा ‘एक अनेक और एकता’ हा १९७४ सालचा पाखरांचा बोधपट तर त्याचा विशेष आवडता. मात्र कार्यक्रमांच्या आरंभी दूरदर्शनचे बोधचिन्ह आले की तो उठून स्वयंपाकघरात पळे.

ते चिन्ह वाचकांना आठवत असेल. दोन वक्राकृती फिरत फिरत येत, मधल्या वर्तुळाभोवती स्थिरावत आणि पडद्यावर एक डोळा उघडे. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेतील देवाशिष भट्टाचार्य या विद्यार्थ्याने ते रेखाटले होते. पंडित रविशंकर आणि उस्ताद अली अहमद हुसेन खाँ यांनी बांधलेल्या संथ सुरावटीसह ते १ एप्रिल १९७६ पासून प्रक्षेपित होऊ लागले. त्यात भयप्रद असे काहीच नव्हते. आम्ही धाकट्याची यथेच्छ थट्टा केली. रात्री वीज गेली की अंधारात मुद्दाम तीच सुरावट गुणगुणत असू. संच बंद केल्यावर पडद्याच्या मध्यभागी पांढरा ठिपका क्षणभर रेंगाळे, तोही त्याला सोसवत नसे. “बुबुळ अजून उघडं आहे,” असे तो म्हणे.

१९८७ सालच्या उपवासकाळातील गोष्ट. गोरगरिबांसाठी घरात मातीचा गल्ला ठेवला होता. गोडधोड टाळून वाचलेले पैसे आम्ही त्यात टाकीत असू. एका रणरणत्या दुपारी आम्ही केसांच्या पिनेने त्यातून आठ आणे काढले आणि गारेगार खाल्ले. कोणी पाहिले नाही, अशी आमची समजूत होती.

त्यानंतर धाकटा संध्याकाळी शटरे लावून घेऊ लागला. मग रुमाल पुढे ओढून वर चादरही घाली. एकदा आम्ही चिडून चादर खेचली, तेव्हा तो रडवेला होऊन म्हणाला, “दादा, नको ना! तू गल्ल्यातले पैसे घेतलेस. तो डोळा तुला बघेल.”

आम्ही जागच्या जागी थिजलो. लपून गूळ खाणाऱ्या धाकट्याला “देव बघतोय हं!” असे आम्हीच दरडावत असू. धर्मशिक्षण वर्गात ऐकलेले देवाचे सर्वसाक्षित्व आम्ही धाक घालण्यासाठी वापरले होते. त्या शब्दांना त्याने दूरदर्शनचा डोळा जोडला. पण तो स्वतःसाठी भीत नव्हता. आम्हांला लपवीत होता.

त्या शनिवारी आम्ही पापनिवेदन केले. फादरांनी पैसे परत टाकावयास आणि बाबांना सांगावयास लावले. बाबा रागावले, पण थोडेच. रविवारी बोधचिन्हाच्या वेळी आम्ही धाकट्याचा हात धरून बसलो. डोळा उघडला, सुरावट संपली. “काहीच केलं नाही त्यानं,” असे म्हणून त्याने हात सोडला.

अशी भीती केवळ आमच्याच घरात नव्हती. अमेरिकेत ‘स्क्रीन जेम्स’ या कंपनीचे १९६५ सालचे बोधचिन्ह आणि त्याचे संगीत यांना अनेक मुले घाबरत. रॉडनी अ‍ॅशर यांनी २०१० साली त्यांच्या आठवणींवर लघुपटच काढला.

पुढे उत्पत्तीच्या पुस्तकातील सोळावा अध्याय वाचताना हा प्रसंग पुन्हा आठवला. छळाला कंटाळून रानात पळालेल्या हागारेला देवदूत झऱ्यापाशी गाठतो, तेव्हा ती देवाला ‘पाहणारा देव’ असे नाव देते. ती हे भयाने म्हणत नाही. आपल्याला कोणीतरी पाहिले, या दिलाशाने म्हणते. ज्या देवाच्या नजरेने आम्ही धाकट्याला धाक घातला, तिचा हा अर्थ आम्ही त्याला कधी सांगितलाच नव्हता.

आज मुलांच्या हातातील पडद्याला शटरे नाहीत आणि पुष्कळदा शेजारी कोणी बसलेलेही नसते. एखादे मूल निरुपद्रवी चित्र पाहून दचकले, तर “त्यात घाबरायचं काय?” असे आपण पटकन म्हणतो. आम्हीही म्हणत होतो. त्याऐवजी “तुला कशाची भीती वाटते?” असे विचारून क्षणभर थांबावे. कदाचित त्या भीतीत आपलेच बोल सापडतील. कदाचित आपल्याविषयीचे प्रेमही.