रँग्लर : एका शब्दाचे पुण्यातील वास्तव्य

एखाद्या शहराशी निगडित असलेल्या नामवंतांची यादी करण्याची एक रूढ रीत आहे. कोण तेथे जन्मले, कोण तेथे शिकले, कोणी तेथे वास्तव्य केले आणि कोणाचा तेथे अंत झाला, एवढ्या चार प्रश्नांच्या उत्तरांवर अशी यादी उभी राहते. या रीतीत सोय आहे, पण अर्थविचार नाही. ज्याने एका शहरात आयुष्य घडविले आणि ज्याने तेथे केवळ दोन हिवाळे काढले, ते दोघे यादीत शेजारी शेजारी येतात. व्यक्ती आणि शहर यांच्यातील संबंध नेमका कशात साठून राहतो, हा प्रश्न यादी विचारीत नाही. तो विचारावयाचा झाल्यास भाषेकडे वळावे लागते.

पुण्याला 'पूर्वेचे ऑक्सफर्ड' म्हणण्याची पद्धत जुनी आहे आणि ती पुणेकरांना मानवलेलीही आहे. तथापि ज्या इंग्रजी शहराने पुण्याच्या बोलण्यात आपली खूण ठेवली ते ऑक्सफर्ड नव्हे. ते केंब्रिज होय. ही खूण एका शब्दाच्या रूपाने उरली. तो शब्द म्हणजे 'रँग्लर'.

या शब्दाचे मूळ भांडणात आहे. केंब्रिजमध्ये एके काळी पदवीच्या उमेदवाराला लॅटिनमधून जाहीर वादविवाद करून आपली योग्यता सिद्ध करावी लागे. या वादात जो टिकला तो 'रँग्लर', म्हणजे हुज्जत घालणारा, वादपटू. पुढे वाद मागे पडले, लेखी परीक्षा आली, पण शब्द राहिला आणि गणिताच्या 'ट्रायपॉस' परीक्षेत पहिल्या वर्गात येणाऱ्यांना तो लावला जाऊ लागला. त्यांतील पहिला तो 'सीनिअर रँग्लर'. सन्मानपात्र यादीतील शेवटच्या विद्यार्थ्याला मात्र त्याचे सोबती एक भला मोठा लाकडी चमचा देत. पुण्याने या व्यवस्थेतून रँग्लर तेवढा उचलला, चमच्याला घरात घेतले नाही. भाषांतर्गत आदानाचा हा नियमच आहे : परकी व्यवस्था सगळीच्या सगळी कधी येत नाही, ज्या खुंटीवर आपले काही टांगावयाचे असते तेवढी खुंटी येते.

पुण्याला १८९९ साली काय टांगावयाचे होते, हे लक्षात घ्यावयास हवे. १८९७ च्या प्लेगने आणि प्लेगच्या बंदोबस्ताने शहर पोळले होते. त्याच वर्षी जूनमध्ये रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या, पुढल्या वर्षी दामोदर चापेकरांना फाशी झाली, आणि मे १८९९ मध्ये वासुदेव व बाळकृष्ण चापेकर आणि महादेव रानडे येरवड्याच्या तुरुंगात फासावर गेले. यानंतर काही आठवड्यांतच केंब्रिजहून वार्ता आली की, रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे हा दापोलीजवळच्या मुर्डी गावचा, फर्ग्युसन महाविद्यालयात शिकलेला तेवीस वर्षांचा तरुण सीनिअर रँग्लर झाला. हा मान मिळविणारा तो पहिला भारतीय. दोन्ही घटनांचा परस्परांशी कार्यकारणसंबंध नाही. पण एकाच ऋतूत एकाच शहराने त्या ऐकल्या, हे वास्तव शब्दाच्या भावी अर्थासाठी निर्णायक ठरले. ज्या सत्तेपुढे शहर हतबल झाले होते, तिच्याच आखाड्यात तिच्याच नियमांनी मिळविलेला हा विजय होता.

या विजयाच्या कथनात एक तपशील मात्र बहुधा गळतो. परांजपे त्या वर्षी एकटे पहिले नव्हते. पेंब्रोक कॉलेजचा जॉर्ज बर्टविसल हा विद्यार्थी आणि सेंट जॉन्स कॉलेजचे परांजपे यांना समान गुण देऊन दोघांना एकाच महिरपी कंसात ठेवले गेले होते. केंब्रिजच्या नोंदीत कंस आहे. मराठी स्मरणात कंस नाही. हे कोणी हेतुपुरस्सर केलेले लपविणे नव्हे. गौरवकथेच्या रचनेत दोन नायकांना जागा नसते, एवढाच त्याचा अर्थ. परांजपे यांच्या कर्तृत्वाला त्या कंसाने तिळमात्र उणेपणा येत नाही. उणेपणा येतो तो कथा सांगणाऱ्यांच्या आत्मविश्वासाला.

यापुढे शब्दाने जे केले ते अधिक विचार करण्याजोगे आहे. केंब्रिजमध्ये रँग्लर ही परीक्षेतील एक श्रेणी होती. तेथे कोणी कोणाला 'रँग्लर अमुक' म्हणून हाक मारीत नसे. मराठीने तिला आडनावापुढे बसविले आणि तिची उपाधी केली. त्या काळच्या मराठीत उपाध्यांच्या दोन परंपरा होत्या. एक 'रावबहादूर'सारखी सरकारने दिलेली, दुसरी 'लोकमान्य'सारखी लोकांनी दिलेली. 'रँग्लर' या दोहोंच्या मधोमध उभा राहिला : दिला परकीयांच्या विद्यापीठाने, चालविला लोकांनी. शिवाय त्याने भेद दाखविण्याचे कामही केले. त्याच पुण्यात १८९८ पासून 'काळ' पत्र काढणारे शिवराम महादेव परांजपे होते. एक 'काळकर्ते परांजपे', दुसरे 'रँग्लर परांजपे'. एकाच आडनावाच्या दोन माणसांना वेगळे करणाऱ्या या दोन पूर्वपदांत त्या शहराचे दोन राजकीय स्वभावही वेगळे झाले : एक राजद्रोहाच्या खटल्यात १९०८ मध्ये शिक्षा भोगणारा, दुसरा नेमस्तांच्या वाटेने जाऊन १९२१ मध्ये मुंबई इलाख्याचा शिक्षणमंत्री होणारा. चिन्हाचा अर्थ त्याच्या शेजारच्या चिन्हापासून असलेल्या भेदात असतो, हे सोस्यूरचे म्हणणे पुण्याच्या बोलण्यात असे कोणत्याही सिद्धान्ताच्या मदतीवाचून चाललेले होते.

दरम्यान केंब्रिजने आपली रीत बदलली. १९०९ नंतर ट्रायपॉसचा निकाल गुणानुक्रमे जाहीर करणे थांबले. नावे वर्णानुक्रमे छापली जाऊ लागली. सीनिअर रँग्लरचा जाहीर मान संपला आणि लाकडी चमचाही त्याच वर्षी शेवटचा दिला गेला. ज्या शहरात शब्द जन्मला तेथे त्याचे तेज ओसरत असताना पुण्यात तो ऐन भरात होता. परांजपे १९०२ पासून सुमारे दोन दशके फर्ग्युसनचे प्राचार्य होते. पुढे तेथेच प्राचार्य झालेले गणेश सखाराम महाजनीही 'रँग्लर महाजनी' म्हणूनच ओळखले गेले.

ज्यांच्यामुळे हा शब्द रुळला त्या परांजप्यांचा स्वभाव मात्र उपाधीच्या स्वभावाशी जुळणारा नव्हता. ते कट्टर बुद्धिप्रामाण्यवादी होते. कोणतीही गोष्ट अमुक म्हणतो म्हणून मानावी, हे त्यांना मान्य नव्हते. उपाधी नेमके उलट काम करते. ती ऐकणाऱ्याला सांगते की, येथे तपासण्याची गरज नाही, अन्यत्र तपासून झालेले आहे. केंब्रिजचा बहुमान असताना डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य होऊन अल्प वेतनावर शिकविणे, ही त्यांची कृती त्या शब्दात मावत नाही. शब्द फक्त १८९९ सांगतो, त्यापुढची वर्षे सांगत नाही. परांजप्यांचे आत्मचरित्र १९६१ मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध झाले आणि त्याचे नाव 'एटी-फोर, नॉट आउट' असे आहे. मराठीने ज्याच्या नावाला केंब्रिजचा शब्द जोडला, त्याने स्वतःच्या आयुष्याला नाव देताना गणिताकडे नव्हे, क्रिकेटच्या धावफलकाकडे पाहिले. या निवडीत थट्टा आहे आणि थोडी सुटकाही आहे.

या शब्दाची मर्यादा त्यांच्याच घरात अधिक स्पष्ट दिसते. त्यांची कन्या शकुंतला परांजपे केंब्रिजच्या न्यूनहॅम कॉलेजात शिकल्या आणि १९२९ मध्ये त्यांनी तीच गणिताची ट्रायपॉस पूर्ण केली. न्यूनहॅमच्याच फिलिपा फॉसेट या विद्यार्थिनीचे गुण १८९० मध्ये सीनिअर रँग्लरहून अधिक भरले होते, तरी ती सीनिअर रँग्लर ठरली नव्हती. तिचे स्थान 'सीनिअर रँग्लरच्या वर' असे वाचून दाखविले गेले, कारण स्त्रियांची यादी निराळी होती. शकुंतलाबाईंच्या काळातही केंब्रिजने स्त्रियांना पूर्ण हक्काची पदवी दिलेली नव्हती. ती १९४८ मध्ये मिळू लागली. त्या 'कुंकू' (१९३७) या प्रभातच्या चित्रपटात दिसल्या, १९३८ पासून संततिनियमनाच्या प्रचाराला त्यांनी स्वतःला वाहून घेतले, १९६४ ते १९७० या काळात राज्यसभेच्या नियुक्त सदस्य होत्या. त्या काळी ज्या विषयाचा उच्चार सभ्य घरांत होत नसे, तो विषय घेऊन समाजाशी वाद घालणाऱ्या या बाई मूळ अर्थाने रँग्लरच होत्या. परंतु त्यांच्यासाठी मराठीकडे असा एखादा शब्द नव्हता. त्यांना कित्येकदा 'रँग्लरांची मुलगी' या षष्ठी विभक्तीत राहावे लागले. उपाधीचे राजकारण जेवढे ती ज्याला मिळते त्याच्यात असते, तेवढेच ती ज्याला मिळत नाही त्याच्यातही असते.

शब्दाचा उत्तरार्ध नारळीकर घराण्यात वाचता येतो. विष्णू वासुदेव नारळीकर हे केंब्रिजचे रँग्लर. बनारस हिंदू विद्यापीठात त्यांनी दीर्घकाळ गणित शिकविले आणि उत्तरायुष्यात ते पुण्यात आले. त्यांना 'रँग्लर नारळीकर' म्हटले जाई. त्यांचे पुत्र जयंत १९५७ मध्ये केंब्रिजला गेले आणि १९५९ मध्ये तेही रँग्लर झाले. पण त्यांच्या नावापुढे तो शब्द रुळला नाही. मराठीत ते 'डॉ. जयंत नारळीकर' राहिले. फ्रेड हॉइल यांच्यासह मांडलेल्या गुरुत्वाकर्षणाच्या सिद्धान्तामुळे १९६४ पासूनच त्यांचे नाव देशात दुमदुमत होते आणि त्यांना स्वतंत्र खुंटीची गरज नव्हती. शिवाय देश स्वतंत्र झाला होता. परक्या आखाड्यातील विजयाची जी निकड १८९९ मध्ये होती ती उरली नव्हती. शब्द असा हळूच, कोणाच्याही लक्षात न येता, वापरातून उतरतो.

आणि येथे एक वाङ्मयीन घटना घडली. नारळीकर १९७२ मध्ये केंब्रिज सोडून मुंबईला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत 'कृष्णविवर' ही कथा त्यांनी पाठविली, ती नारायण विनायक जगताप या नावाने. आपल्या नावाची आद्याक्षरे त्यांनी उलटी केली होती. हस्ताक्षर ओळखले जाऊ नये म्हणून कथेची प्रत पत्नी मंगला यांच्या हातची होती. कथेला पहिले पारितोषिक मिळाले, आणि मगच जगताप कोण ते कळले. मराठी विज्ञानकथेच्या इतिहासात हा प्रसंग गमतीदार आठवण म्हणून सांगितला जातो. त्याचे महत्त्व गमतीपुरते नाही. मिशेल फूको यांनी १९६९ च्या आपल्या व्याख्यानात असे दाखविले होते की, विज्ञानातील विधानाला कर्त्याच्या नावाचा आधार पूर्वी लागे तो पुढे लागेनासा झाला आणि साहित्यकृतीला मात्र तो लागू लागला. नारळीकरांनी विज्ञानातील ही निनावी तपासणी साहित्यात आणून पाहिली. एका पिढीपूर्वी केंब्रिजचे नाव पुढे करून माणूस मराठी समाजात ओळखला जात होता. आता केंब्रिजहून आलेला माणूस ते नाव दाराबाहेर ठेवून मराठीत शिरत होता. परांजप्यांच्या बुद्धिप्रामाण्याला जी परीक्षा मानवली असती ती ही होती : लेखन तपासा, लेखकाचा शिक्का नको.

नारळीकरांचे आत्मचरित्र मराठीत आले, त्याचे नाव 'चार नगरांतले माझे विश्व' (२०१२). त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार २०१४ मध्ये मिळाला. वाराणसी, केंब्रिज, मुंबई आणि पुणे ही ती चार नगरे. आत्मचरित्राची मांडणी पदांच्या वा सिद्धान्तांच्या क्रमाने न करता नगरांच्या क्रमाने करण्यात एक विचार आहे. यात केंब्रिज शिखर नाही. चारांतले एक आहे. या रचनेत कोणत्याही नगराला दुसऱ्याच्या नावापुढे उपाधी होऊन बसता येत नाही. केंब्रिजला 'सिटी'चा दर्जा १९५१ मध्येच मिळाला, म्हणजे परांजपे शिकले ते गाव कायद्याने शहरही नव्हते, ही बाब येथे सहज आठवते. पुण्यात १९८८ मध्ये स्थापन झालेल्या आयुकाच्या आवारात आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आइन्स्टाइन यांचे पुतळे आहेत. न्यूटन केंब्रिजचा; पण येथे तो चौघांपैकी एक आहे. पुस्तकाची रचना आणि वास्तूची रचना एकच गोष्ट सांगतात.

मंगलाबाई २०२३ मध्ये गेल्या, जयंतराव २० मे २०२५ रोजी पुण्यात गेले. शहराच्या नामवंतांच्या यादीत दोघांची नावे असतील आणि असावीत. पण गणितज्ञ असलेल्या आणि मराठीतून गणिताविषयी लिहिणाऱ्या या बाईंच्या हस्ताक्षरात एका नव्या कथाप्रकाराचे दार उघडले गेले, हे कोणती यादी सांगेल? परांजप्यांच्या कंसातला बर्टविसल, षष्ठीत राहिलेल्या शकुंतलाबाई आणि प्रत उतरविणारा हा हात, ही तिन्ही ठिकाणे गौरवाच्या शब्दाबाहेर पडलेली आहेत. समीक्षेने वाचावयाचे ते नेमके हेच. 'रँग्लर' आता पुण्याच्या बोलण्यात जुन्या माणसांच्या नावापुढेच उरला आहे. त्याचा मूळ अर्थ मात्र, न मानता वाद घालणारा, या शहराला आजही शोभेल असा आहे. तो कोणत्याही परीक्षेच्या निकालावर अवलंबून नाही.