मृत्युपत्र हयातीतच वाचून दाखवावं

घोडनदीच्या या घरात मी दुसरं लग्न करून आले तेव्हा साठीला टेकले होते. गुरुजी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले, पत्नी वारलेली. मी दौंडची. लेकीचं लग्न उरकल्यावर परस्परसंमतीने घटस्फोट घेतलेली. ज्या घरात उभा जन्म काढला ते पहिल्या नवऱ्याच्या नावावर होतं. घटस्फोटानंतर बायको नवऱ्याची वारस राहत नाही. एकरकमी पोटगी आणि अंगावरचे दागिने घेऊन मी बाहेर पडले. म्हातारपणी डोक्यावर छप्पर नसणं काय असतं, ते मला तेव्हा कळलं.

लग्न ठरलं आणि गुरुजींचा थोरला मुलगा टाइप केलेला स्टॅम्प पेपर घेऊन आला. गुरुजींच्या स्थावर-जंगम मिळकतीवर माझा किंवा माझ्या वारसांचा हक्क राहणार नाही, असा मजकूर. "मावशी, राग मानू नका. बापजाद्यांची जमीन आहे," तो म्हणाला. त्याची नजर सारखी त्या कागदाकडे जात होती. मी सही केली नाही. पण त्याची भीती खोटी नव्हती. रांजणगावला एमआयडीसी आली, चासकमानचं पाणी फिरलं आणि या तालुक्यात जमिनीचे भाव कुठल्या कुठे गेले. गुरुजी मृत्युपत्र न करता गेले असते, तर 1956च्या हिंदू वारसा कायद्याने त्यांच्या मिळकतीत मला एकेका मुलाइतकाच वाटा मिळाला असता आणि माझ्यामागे तो माझ्या लेकीकडे गेला असता.

वकिलांनी तो कागद बाजूला ठेवला. माणूस हयात असताना त्याच्या वारसाला नुसती आशा असते, हक्क नसतो. नसलेला हक्क सोडणार कसा? मग त्यांनी विचारलं, "मुलं किती?" थोरला म्हणाला, "आम्ही दोघं भाऊ." गुरुजी ताडकन म्हणाले, "आणि माझी मुलगी?" 2005च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीलाही जन्मतः हक्क दिला आहे आणि 2020मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केलं आहे. त्या जमिनीत गुरुजींना मृत्युपत्र करता येणार होतं ते फक्त स्वतःच्या हिश्श्याचं. घर मात्र त्यांच्या पगारातून बांधलेलं, स्वकष्टार्जित.

गुरुजींना घर माझ्या नावावर करायचं होतं. मी म्हटलं, मला मालकी नको, इथून कुणी उठवू नये एवढंच हवं. मसुदा तसाच झाला. जमिनीतला हिस्सा तिन्ही मुलांना समान. घरही तिघांचं, पण माझ्या हयातीपर्यंत राहण्याचा हक्क माझा, विकण्याचा नाही. बँकेतली एक ठेव पूर्णपणे माझी. त्या ठेवीवर मुलाचं नॉमिनेशन होतं, तेही बदललं, कारण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे हे बँकेच्या खिडकीपाशी कुणी समजावून सांगत नाही. मृत्युपत्राला स्टॅम्प लागत नाही, नोंदणीचीही सक्ती नाही. तरी आम्ही दुय्यम निबंधकांकडे नोंदवलं. डॉक्टरांचा दाखला जोडला. दोन साक्षीदार गुरुजींचे माजी विद्यार्थी, वयाने लहान घेतले. उद्या कोर्टात मृत्युपत्र सिद्ध करायची वेळ आली तर साक्षीदार हयात तर हवा.

त्यानंतरच्या रविवारी गुरुजींनी तिन्ही मुलांना आणि माझ्या लेकीला समोर बसवलं आणि शाळेत धडा वाचावा तसं मृत्युपत्र मोठ्याने वाचलं. धाकटा चिडला, बहिणीला समान वाटा कशाला, म्हणाला. गुरुजींनी त्याला तिथेच उत्तर दिलं. ते उत्तर त्यांच्या तोंडून त्याला मिळालं, हीच सगळ्यांत मोलाची गोष्ट. नंतर मी किंवा वकिलांनी तेच सांगितलं असतं, तर आम्ही म्हाताऱ्याचे कान भरले असं झालं असतं.

गुरुजी गेल्यावर तलाठ्याकडे फेरफाराची नोटीस निघाली. हरकतीची मुदत उलटली, कुणी हरकत घेतली नाही. सातबाऱ्यावर तिघांची नावं लागली. थोरला अजूनही मला मावशीच म्हणतो आणि घराचा नगरपरिषदेचा कर आठवणीने भरतो.

उतारवयात लग्न करणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे. बाईने धास्तीपोटी कुठल्याही कागदावर सही करू नये आणि मुलांची भीतीही हावरेपणा म्हणून झटकू नये. कपाटात कुलूपबंद ठेवलेल्या मृत्युपत्रावर भावंडं आयुष्यभर कोर्टाच्या तारखा करतात. ज्याची मिळकत आहे त्याने बोलता येतंय तोवर सगळ्यांना एकत्र बसवावं आणि कुणाला काय दिलं, का दिलं, ते स्वतः सांगावं.