चौदा पौंड

गिरगावातल्या आमच्या चाळीत दोन क्रियापदं मी फार लहानपणी ऐकली: लावणं आणि खाणं. मॅचच्या दिवशी खालच्या पानवाल्याकडे कुणी लावायचा, कुणी खायचा. अमुक जिंकेल म्हणणारा लावतो. जिंकणार नाही म्हणत त्याचे पैसे अंगावर घेतो तो खातो. बाबा आम्हाला त्या दुकानातून गोळ्यासुद्धा आणू द्यायचे नाहीत. पुढे तीस वर्षांनी इंग्लंडात, रेडिंगच्या भाड्याच्या घरात मी बेटफेअरचा पडदा पहिल्यांदा उघडला. निळ्या रकान्यावर ‘बॅक’ लिहिलेलं, गुलाबीवर ‘ले’. कुणी काही समजावून सांगायची गरज पडली नाही. निळं म्हणजे लावणं, गुलाबी म्हणजे खाणं.

अँड्र्यू ब्लॅक आणि एडवर्ड रे यांनी २००० साली ही पेढी काढली ती शेअरबाजाराच्या धर्तीवर. इथे बुकी नसतो. लावणारा आणि खाणारा, दोघंही गिऱ्हाईकच. पेढी जिंकणाऱ्याच्या नफ्यातून कमिशन कापते. आणि घोड्यांची रेस सुटेपर्यंत भाव हलत असतो, म्हणजे रेस न पाहताही धंदा करता येतो. चार भावाने, म्हणजे जिंकलो तर एकाचे चार परत, शंभर पौंड लावायचे. भाव ३.८ वर उतरला की १०५ पौंड २६ पेन्स खायचे. घोडा जिंको, हरो, पडो, कमिशन जाण्याआधी ५ पौंड २६ पेन्स आपले. घोड्याचं नाव मला पुष्कळदा रेस संपल्यावरही ठाऊक नसतं. लोकांना हे खोटं वाटतं. आईला मी अजून ‘आकड्यांचं काम’ एवढंच सांगतो. ते खोटं नाही, पण आमच्या गिरगावात ‘आकडा’ म्हटल्यावर लोकांना काय आठवायचं, हे तिच्या लक्षात आलं नसेल असं मी धरून चालतो.

तीन वर्षं मी नोकरी सांभाळून फक्त शनिवारी बसलो. दुपारी एक ते साडेचार, शेजारी वही. प्रत्येक सौदा वहीत: कुठल्या भावाला आत, कुठल्या भावाला बाहेर, का. हिशेब केला तर शनिवारी सरासरी ११० पौंड पडत होते. गुणिले सहा दिवस, गुणिले चार आठवडे, २,६४०. हातात येणाऱ्या पगाराच्या अगदी जवळ! शिवाय जिंकलेल्या पैशावर इथे आयकर नाही. कायम राहण्याचा परवाना नुकताच मिळाला होता, त्यामुळे व्हिसाच्या नोकरीचं दावंही सुटलेलं. मी ऑफिसात तीन महिन्यांची बिनपगारी रजा मागितली. जानेवारी ते मार्च २०१९. ही म्हणाली, “तीन महिने म्हणजे तीनच. आणि एप्रिलमध्ये मला आकडा दाखवायचा, गोष्ट नाही.”

त्या गुणाकारातच माझी पहिली चूक होती. शनिवारची सरासरी मी सोमवारला लावली. शनिवारी मोठी मैदानं, टीव्हीवर रेस, भावाच्या प्रत्येक पायरीवर हजारोंनी पैसे थांबलेले; माझे तीनशे त्यात कुणाच्या लक्षातही येत नाहीत. सोमवारी दुपारी आडगावच्या मैदानावर पैसा इतका पातळ असतो की माझ्याच तीनशेंनी भाव हलतो. तळ्यात पोहायला शिकलेल्या माणसाने बादलीत उडी मारावी तसं. मग जानेवारीत थंडीने जमीन गोठली. गोठलेल्या जमिनीवर अडथळ्यांच्या शर्यती घेत नाहीत. सकाळी मैदानाची तपासणी होते आणि नाश्त्याच्या वेळेलाच कळतं, आज दुकान बंद.

पण खरा प्रसंग फेब्रुवारीचा. ७ तारखेला सकाळी पाहतो तो ब्रिटनमधल्या सगळ्या रेस रद्द. लस दिलेल्या तीन घोड्यांत फ्लू सापडला होता. पुढचे सहा दिवस काहीच नाही. आयर्लंडात रेस चालू होत्या, पण माझी वही सगळी इंग्लंडच्या मैदानांची. घोड्यांना सर्दी झाली आणि आमच्या घरात मिळकत थांबली, असं मी फोनवर मित्राला हसत हसत सांगितलं. हसू फार टिकलं नाही. भाडं महिन्याच्या पंधरा तारखेला जायचं.

१३ तारखेला, बुधवारी, रेस पुन्हा सुरू झाल्या. दुपारची तिसरी रेस. पडद्यावर लॅडर: भावांची उभी शिडी, एका अंगाला लावायला थांबलेले पैसे, दुसऱ्या अंगाला खायला थांबलेले. मला वाटलं एका घोड्याचा भाव उतरणार. चारला तीनशे लावले. इथे एक बारकावा आहे, आणि तो मला माहीत होता, हे आधी सांगून टाकतो. शिडीच्या पायऱ्या सारख्या नसतात. तीन ते चारमध्ये पायरी ०.०५ ची आणि चारच्या वर ०.१ ची. म्हणजे बरोबर चारला लावणाऱ्याला एक पायरी उतरली तर जितकं मिळतं, त्याच्या जवळजवळ दुप्पट एक पायरी चढली तर जातं. चारला लावायचं असेल तर हात हलका हवा आणि पाय दाराजवळ हवा.

भाव ४.१ झाला, मग ४.२. तिथे बाहेर पडलो असतो तर १४ पौंड जात होते. तीन वर्षं अशा जागी माझं बोट आपोआप हलायचं. वहीत असे चौदा-चौदा पौंडांचे शेकडो तोटे आहेत आणि मला त्यांचा अभिमान आहे. त्या दुपारी बोट हललं नाही. पडद्यावर लाल अक्षरात चौदा दिसत होते आणि मी मनात ते भाड्यातून वजा करत होतो. भाव ४.५. आता ३३ पौंड. आणखी तीनशे लावले ४.६ ला, सरासरी सुधारावी म्हणून. सरासरी सुधारणं! हा शब्द मी स्वतःच्या वहीत, स्वतःच्या अक्षरात, लाल पेनने खोडलेला होता. घोडे सुटले. रेसआधीचा सौदा रेस सुटल्यावर उघडा ठेवायचा नाही, हा या धंद्यातला श्रीगणेशा. माझा घोडा तिसऱ्या अडथळ्याला अडखळला आणि मागे पडत गेला. मी त्या दिवशी रेस पाहिली, पूर्ण, उभं राहून, “चल, चल” करत. पानवाल्याच्या दुकानापुढचे लोक असेच उभे असायचे. सहाशे पौंड.

त्या रात्री सहाशेंपेक्षा मला चौदांनी जास्त छळलं. माझं कसब काय होतं? भाव ओळखण्यात मी बरा होतो, बस. माझ्याहून तरबेज हजारो आहेत आणि त्यांच्या दिमतीला माझ्या बोटाहून चपळ बॉट आहेत. माझी खरी ताकद एवढीच होती की छोटा तोटा मी लगेच पत्करायचो. आणि तो पत्करता यायचा, कारण महिनाअखेरीला खात्यात पगार पडलेला असायचा. नोकरी सोडून ज्या कसबावर जगायचं ठरवत होतो, ते कसब नोकरीच पोसत होती. काही माणसांचं असं होत नसेल; दोन-तीन पूर्णवेळवाले मला माहीत आहेत, त्यांचे हात भाड्याच्या तारखेलाही तसेच थंड असतात. पण त्यांनी सुरुवात करताना वर्ष-दीड वर्षाचा घरखर्च वेगळा काढून ठेवला होता. त्यांनी स्वतःच स्वतःला पगार लावून घेतला होता म्हणा ना.

मार्चमध्ये चेल्टनम आलं, तिथला घोड्यांच्या शर्यतींचा मेळा. चार दिवस, १२ ते १५. अशा वेळी एकेका रेसवर लाखो पौंडांची उलाढाल असते, शिडीची प्रत्येक पायरी भरलेली. त्या चार दिवसांत मी ११५० पौंड कमावले आणि संध्याकाळी वहीत तारे काढले. शाळकरी पोरासारखे.

३१ मार्चला रविवारी घड्याळं एक तास पुढे गेली. सकाळी मी हिच्यापुढे वही ठेवली. जानेवारी अधिक ६१०, फेब्रुवारी उणे २२०, मार्च अधिक १,९००. तीन महिन्यांचे मिळून २,२९०, म्हणजे एका महिन्याच्या पगारापेक्षा कमी. “चेल्टनम वर्षातून किती वेळा येतं?” हिने विचारलं. मी म्हटलं, एकदा. हिने वही मिटली आणि पोहे वाढले. आणखी काही बोलणं झालं नाही. दुसऱ्या दिवशी ऑफिसात साहेबाने रजेत काय केलं ते विचारलं. म्हटलं, आराम.

पुढच्या वर्षी मार्चमध्ये कोविडमुळे रेस थांबल्या आणि १ जूनपर्यंत ब्रिटनमध्ये एकही रेस झाली नाही. मित्र म्हणाला, बघ, वाचलास. मी हे मान्य करत नाही. साथ येईल हे मला २०१९ मध्ये कुठे ठाऊक होतं? चुकीच्या भावाला लावलेला घोडा जिंकला तरी लावणं चुकीचंच असतं. माझ्या निर्णयालाही तोच नियम. मी परतलो ते फेब्रुवारीत बोट हललं नाही त्या दीड मिनिटामुळे.

शनिवारी अजून बसतो. परवा सव्वादोनच्या रेसला ३.९ ला दोनशे लावले, भाव चारवर गेला. पाच पौंडांचा तोटा घेतला, वहीत लिहिला, आणि कोथिंबीर संपली होती ती आणायला गेलो. घोडा जिंकला म्हणे, सात लांबींनी.