सांजताऱ्याची चाके

गेल्या पावसाळ्यात कौले गळू लागली म्हणून आम्ही माळ्यावर चढलो, तो जुन्या पेटाऱ्यात ते खोके हाती लागले. एअरफिक्सचे ते प्लॅस्टिकचे इंजिन आमच्या मामांनी 1978 साली लिव्हरपूलहून आणले होते. मामा आगबोटीवर नोकरीस होते. आम्ही तेव्हा चौदा वर्षांचे, धाकटे बंधू अकराचे. भाग सुटे करून जोडायचे, रंगवायचे, की वीतभराहून थोडे लांब इंजिन तयार!

मूळ इंजिनाचे नाव ‘इव्हिनिंग स्टार’, म्हणजे सांजतारा. ब्रिटिश रेल्वेने बांधलेले हे शेवटचे वाफेचे इंजिन 1960 च्या मार्चमध्ये स्विंडनच्या कारखान्यातून बाहेर पडले. क्रमांक 92220. त्याच्या वर्गाची 251 इंजिने झाली. ती मालगाड्यांसाठी, म्हणून काळी. ह्या शेंडेफळाला मात्र हिरवा रंग आणि धुराड्याला तांब्याची कड लाभली. इतके कौतुक होऊनही 1965 साली, पाचच वर्षांत, त्यास कामावरून उतरविले गेले. आपल्याकडे चित्तरंजनने 1970 मध्ये ब्रॉडगेजचे अखेरचे वाफेचे इंजिन बांधले, त्याचे नाव ‘अंतिम सितारा’. निरोपाच्या वेळी दोन्ही देशांना ताराच आठवावा, ह्याची आम्हांस मौज वाटते.

ह्या इंजिनाला एका रांगेत पाच जोड्या मोठी चाके आहेत. वळणावर अडू नये म्हणून मधल्या जोडीला कडाच ठेवलेली नाही. चाके एकमेकांस दांड्यांनी जोडायची असतात. चाकावरच्या खुंटीवर दांडा बसवून, तापविलेल्या स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने खुंटीचे डोके दाबून पसरवायचे. उष्णता जराशी अधिक झाली, की दांडा खुंटीला चिकटून बसतो. पहिल्या संध्याकाळी आम्ही आस सांगाड्यात बसवून डिंक लावला. दुसऱ्या दिवशी बंधूंनी आईच्या स्टोव्हवर स्क्रू-ड्रायव्हर तापवून डाव्या बाजूच्या खुंट्या दाबल्या. चाके फिरेनात. आम्ही त्याला एक थोबाडीत दिली आणि खोके बंद केले.

तेवढ्यावर थांबलो असतो, तर बरे होते. पुढे लग्नकार्यात, सणासुदीला, पाहुण्यांसमोर ‘ह्याने जाळलेले इंजिन’ ही आमची ठेवणीतली गोष्ट झाली. सारे हसत. तोही हसे. मात्र त्यानंतर त्याने घरातल्या कोणत्याही हत्याराला हात लावल्याचे आम्हांस स्मरत नाही.

आता निवृत्तीनंतर, चष्मा सावरीत, आम्ही तो सांगाडा उजेडात धरला. बंधूंनी दाबलेल्या खुंट्या पाहिल्या. प्रत्येक दांडा आपापल्या जागी मोकळा हलत होता. अडकले होते ते आस. प्लॅस्टिकचा हा डिंक कागदाच्या डिंकासारखा नुसता चिकटवीत नाही; तो पृष्ठभाग वितळवून दोन भाग एकजीव करतो. आम्ही तो सढळ हाताने ओतला होता. आमच्याच डिंकाने पाचही आस सांगाड्यात रुतले होते!

त्या रात्री आम्हांस झोप लागली नाही.

पात्याने एकेक आस सोडविण्यात तीन आठवडे गेले. नाव-क्रमांकाचा चिकटवायचा कागद पिवळा पडला होता. तो खिडकीच्या काचेवर उन्हात लावून ठेवला, पुष्कळसा पांढरा झाला. हिरवा रंग दोनदा द्यावा लागला. उजव्या बाजूचे दांडे मात्र आम्ही मुद्दाम तसेच ठेवले.

बंधू नाताळात कॅनडाहून आले. आम्ही सांगाडा त्यांच्यासमोर ठेवला आणि डिंकाची हकीकत सांगितली. सांगताना आमचा घसा दोनदा दाटला. बंधू बराच वेळ चाके फिरवून पाहत राहिले. मग म्हणाले, “दादा, मला खरंच वाटत होतं, मीच जाळलं.”

आम्हांस उत्तर सुचले नाही. आम्ही उठून गॅसवर स्क्रू-ड्रायव्हर तापविला आणि त्यांच्या हाती दिला. एकसष्टीजवळ आलेला तो हात थोडा कापत होता. तिसरी खुंटी जरा जास्तच दबली. अजूनही इंजिन ढकलले, की दर फेऱ्याला एक चाक किंचित अडते आणि मग पुढे जाते. ते सोडवू का, म्हणून त्यांनी विचारले. आम्ही नको म्हणालो.