तालीम लेबर रूमची

एमबीबीएसचं शिक्षण साडेचार वर्षांचं, बीएस्सी नर्सिंगचं चार वर्षांचं. आमच्याकडे दोन्ही कॉलेजं एकाच आवारात आहेत, कँटीनही एकच. पण वर्ग, परीक्षा, वेळापत्रक सगळं वेगळं. ही मुलं पहिल्यांदा एकत्र येतात ती थेट वॉर्डात, पेशंट कोसळत असताना. मी स्त्रीरोग विभागात शिकवते आणि मला हे फार खटकतं. म्हणून स्किल लॅबमध्ये दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांची एकत्र तालीम सुरू केली. विषय घेतला प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावाचा, कारण तिथे एकट्याचं शहाणपण कामाला येत नाही.

मामानॅटली नावाचं एक साधन मिळतं. ते पोटाला बांधायचं. आत बाळ, वार, गर्भाशय आणि खोटं रक्त. रक्त किती वाहू द्यायचं, गर्भाशय कधी घट्ट करायचं, हे ज्याने बांधलंय त्याच्या हातात असतं. आमच्याकडे बाळंतीण होतात एक निवृत्त सिस्टर. त्यांचं आयुष्य लेबर रूममध्ये गेलेलं. कधी कण्हायचं आणि कधी गप्प पडायचं, हे त्यांना सांगावं लागत नाही.

दोन इंटर्न, नर्सिंगच्या तीन विद्यार्थिनी आणि वॉर्डातल्या मावशी अशी आमची टीम. मावशींना घेण्यावरून काहींनी नाकं मुरडली. मी ऐकलं नाही. ब्लड बँकेत धावत जातं कोण?

पहिल्या तालमीत बाळ झालं, वार पडली, रक्त थांबेना. दोन्ही इंटर्न सलाइनसाठी एकाच हाताची शीर शोधत बसले. त्यातल्या एकाने मान वर न करता सांगितलं, "ऑक्सिटोसिन लावा." तिघींनाही वाटलं, दुसरी लावेल. कुणीच लावलं नाही. पेशंटखाली अंथरलेल्या मापाच्या पिशवीकडे एकीचं लक्ष होतं. "सर, पाचशेच्या वर गेलंय," ती म्हणाली, पण इतक्या हळू की सरांना ऐकूच गेलं नाही. नैसर्गिक प्रसूतीत रक्त ५०० मिलीलिटरच्या वर गेलं की धोका, हे खोलीतल्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ होतं.

खरं शिकणं होतं ते नंतरच्या चर्चेत. सगळे गोल बसतात. मी कुणाला चूक-बरोबर म्हणत नाही. त्या वेळी तुला काय दिसत होतं, एवढंच विचारते.

"सरांनी बघितलं असेल असं वाटलं," ती मुलगी म्हणाली.

"माझी पाठ होती तिकडे. मोठ्याने का नाही सांगितलंस?"

"सर, आम्हाला डॉक्टरांशी तसं बोलायची सवय नाही."

इंटर्नला यावर काही बोलता आलं नाही. मग सिस्टर म्हणाल्या, "बाळ कसं आहे, मी दोनदा विचारलं. एकानेही उत्तर दिलं नाही."

दुसऱ्या तालमीत सूत्रं एकाच इंटर्नकडे दिली. तो मागे उभा राहून सगळं बघेल, नाव घेऊन काम सांगेल. जिला सांगितलं ती ते परत म्हणेल आणि झाल्यावर कळवेल. "सलाइनमध्ये ऑक्सिटोसिन २० युनिट घाल." "२० युनिट घालते." "घातलं, सर." दुसरी गर्भाशय चोळत होती, मावशी रक्ताचा नमुना घेऊन निघाल्या होत्या. आणि पिशवीजवळची ती मुलगी दर थोड्या वेळाने खणखणीत आवाजात आकडा सांगत होती. बाळ छान आहे, हेही तिनेच बाळंतिणीला सांगितलं.

केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियात झालेल्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २०२३ साली आले. रक्त अंदाजाने न ठरवता पिशवीत मोजलं आणि नेहमीचेच उपचार एकामागून एक न देता एकदम दिले, तेव्हा गंभीर रक्तस्राव, त्यासाठीची शस्त्रक्रिया किंवा त्यामुळे मृत्यू यांचं एकत्रित प्रमाण ६० टक्क्यांनी घटलं. औषधं जुनीच होती. पण ती एकदम द्यायची तर अनेक हात लागतात, आणि कुठल्या हाताने काय करायचं हे आधी ठरलेलं असावं लागतं.

माझी विनंती दोन्हीकडच्या प्राचार्यांना आहे. महागड्या पुतळ्यांसाठी थांबू नका. लाल रंगाचं पाणी आणि पिशवी एवढ्यावरही सुरुवात होते. वेळापत्रकं शेजारी ठेवा आणि महिन्यातली एक दुपार दोघांसाठी मोकळी करा.