प्रोग्राम कोठें उभा आहे?

सी भाषा शिकणाऱ्या मुलांकडून एक तक्रार मला वारंवार ऐकूं येते: "गुरुजी, फाइल प्रोग्रामच्या शेजारींच आहे, तरी त्याला ती सांपडत नाहीं!" एका मुलानें आपल्या प्रयोगांचीं सर्व टिपणें अशाच एका प्रोग्रामच्या हवालीं केलीं होतीं. तीं नाहींशीं झालीं असें समजून तो रडकुंडीस आला. टिपणें सुखरूप होतीं. फक्त भलत्याच डिरेक्टरींत लिहिलीं गेलीं होतीं.

याचें कारण सोपें आहे. प्रोग्राम जेथें ठेविलेला असतो ती जागा एक, व जेथें उभा राहून तो काम करितो ती जागा दुसरी. ही दुसरी जागा, ज्यानें त्यास चालविलें त्याजकडून त्यास वारशानें मिळते. फाइलीचें नुसतें नांव दिलें, कीं तिचा शोध तेथेंच होतो.

ती जागा विचारण्यासाठीं 'गेटसीडब्ल्यूडी' नांवाचें फंक्शन आहे. त्यास उत्तर लिहिण्यापुरती कोरी जागा व तिची लांबी द्यावी लागते. जागा पुरली तर मुळापासूनचा पूर्ण पत्ता, शेवटच्या शून्य-चिन्हासह, तींत लिहिला जातो. अपुरी पडली तर 'नल' हातीं येतें. म्हणून उत्तर वाचण्यापूर्वीं तें 'नल' नाहीं ना, हें पाहणें अगत्याचें.

जुन्या युनिक्समध्यें हा पत्ता पायरीपायरीनें वर चढून शोधीत. प्रत्येक डिरेक्टरींत 'दोन टिंबें' या नांवाची नोंद असते. ती वरच्या डिरेक्टरीकडे नेते. मुळाशीं ती स्वतःकडेच बोट दाखविते. तेथें चढण संपते.

मग एकदां विचारलेला पत्ता कायमचा जपून ठेवला तर चालणार नाहीं काय? आपल्या जवळा बाजाराचेंच उदाहरण घ्या. 1948 पर्यंत हें गांव निजामाच्या अमलाखालीं होतें. 1956 सालीं तें द्विभाषिक मुंबई राज्यांत आलें, 1960 सालीं महाराष्ट्रांत. आणि 1 मे 1999 रोजीं परभणी जिल्ह्यांतून हिंगोली जिल्हा निराळा झाला. गांव जागचें हललें नाहीं. पत्ता मात्र पालटला. युनिक्समध्येंही असेंच आहे. प्रोग्राम डिरेक्टरीस धरून असतो, तिच्या नांवास नव्हे. वरच्या एखाद्या डिरेक्टरीचें नांव कोणी बदललें, तरी तो जागच्या जागींच राहतो. पुन्हां विचारल्यास नवा पत्ता मिळतो. जपून ठेवलेला जुना मात्र खोटा ठरतो.

तेव्हां बाळांनो, फाइल सांपडेना तर संगणकास दोष देण्यापूर्वीं प्रोग्रामला एका ओळींत विचारा, "तूं कोठें उभा आहेस?" हरवलेलें बहुधा तेथेंच सांपडतें.