न घेतलेला साठा

अमेरिकेच्या राष्ट्रीय गुप्तवार्ता परिषदेने नोव्हेंबर २००८ च्या 'ग्लोबल ट्रेंड्स २०२५' या अहवालात श्वसनमार्गाच्या नव्या, वेगाने पसरणाऱ्या आजाराची जागतिक साथ येऊ शकते, असे नोंदवले होते. ऑक्टोबर २०१९ मध्ये जागतिक आरोग्य सुरक्षा निर्देशांकात त्याच देशाला १९५ देशांत पहिले स्थान मिळाले. पुढे कोविडने तेथे दहा लाखांहून अधिक बळी घेतले.

त्यांना नावे ठेवण्याचा अधिकार मला नाही. मुखपट्ट्यांच्या राखीव साठ्याच्या एका प्रस्तावावर मीच पूर्वी 'तूर्त आवश्यकता नाही' असा शेरा मारला होता. मुदत संपलेल्या साठ्यावर लेखापरीक्षक आक्षेप घेतो. न घेतलेल्या साठ्यावर कोणीच घेत नाही. २०२० साली तो शेरा मला फार आठवला. इशाऱ्याला लेखाशीर्ष मिळत नाही, तोवर ती सज्जता नव्हे.